आनंद मानावा, पण हिशेब ठेवावा

२५ जुलै २०२२ रोजी संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी द्रौपदी मुर्मू यांना राष्ट्रपतिपदाची शपथ दिली आणि त्यानंतरच्या भाषणाला मुर्मू यांनी ‘जोहार’ या आदिवासी अभिवादनानं सुरुवात केली. त्या दिवसाविषयी माझ्या मनात दोन भावना एकदमच येतात, आणि त्यातली एकही दुसरीला बाजूला सारत नाही. एक आनंदाची: जे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं ते अखेर झालं. दुसरी खटकण्याची: हा आनंद आपल्या पदरात कुणी टाकला, कशासाठी टाकला, आणि उद्या त्याचं काय होणार? अशा द्विधा मनःस्थितीत सापडलेल्या माणसाला दोन्हीकडची मंडळी एकच सल्ला देतात, की काय ते एक ठरवून टाक. भक्ताला शंका खपत नाही आणि निंदकाला आनंद भाबडा वाटतो. मला हा सल्ला पटत नाही. राष्ट्रपतिपदाचा आजवरचा इतिहास नीट पाहिला, तर नव्या राष्ट्रपतींविषयी दोन मनं असणं हीच नागरिकाची शहाणी अवस्था आहे, असं मला वाटतं. त्या दोन्ही मनांना वेगवेगळं काम आहे, आणि एकाला रजा दिली की दुसरंही निकामी होतं.

आधी आनंदाची बाजू, कारण ती वाटते तितकी भाबडी नाही. मुर्मू यांचा जन्म १९५८ मध्ये ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या उपरबेडा या गावात, संथाळ कुटुंबात झाला. पाटबंधारे खात्यात कारकुनी, रायरंगपूरच्या शाळेत शिक्षकी, १९९७ मध्ये तिथल्याच नगरपंचायतीत नगरसेवकपद, मग आमदारकी, ओडिशात मंत्रिपद आणि २०१५ पासून झारखंडचं राज्यपालपद असा हा प्रवास आहे. त्यात घराण्याचा वारसा नाही आणि वरून थेट उतरलेली पालखीही नाही; एकेक पायरी चढून आलेली ही बाई आहे. संविधान सभेत आदिवासींची बाजू जयपालसिंह मुंडा मांडत होते. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे हे कर्णधार त्या सभेत सांगत होते, की आपल्या समाजाला लोकशाही कुणी शिकवायची गरज नाही, ती त्याच्याकडे आधीपासून आहे. त्यानंतर सात दशकं गेली. २०१२ मध्ये पूर्णो संगमा यांनी आदिवासी राष्ट्रपतीचा मुद्दा पुढे करून निवडणूक लढवली आणि ते हरले. म्हणजे २०२२ चा शपथविधी हा एका लांबलेल्या अनुपस्थितीचा शेवट होता. ज्या समाजाला आपण शाळेच्या पुस्तकात नृत्य करताना आणि सरकारी अहवालात विस्थापित होताना पाहत आलो, त्या समाजातल्या स्त्रीसमोर तिन्ही सेनादलांचे प्रमुख सलामी देतात, याचा आनंद ज्याला होत नाही त्याच्या समतेवरच्या निष्ठेबद्दल मला शंका येईल.

पण ही निवड झाली कशी, हेही पाहायला हवं. राष्ट्रपती जनता निवडत नाही. खासदार आणि आमदार निवडतात, आणि आमदाराच्या मताचं मूल्य आजही १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरतं. त्या हिशेबानं उत्तर प्रदेशातल्या आमदाराच्या मताचं मूल्य २०८, महाराष्ट्रातल्या आमदाराचं १७५ आणि सिक्कीममधल्या आमदाराचं ७. मुर्मू यांना ६,७६,८०३ मूल्याची मतं मिळाली, विरोधी पक्षांचे उमेदवार यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७. ही पक्षांची बेरीज आहे. सत्ताधारी आघाडीच्या उमेदवार आदिवासी स्त्री आहेत म्हटल्यावर झारखंड मुक्ती मोर्चाला आपल्या आघाडीच्या उमेदवाराला मत देणं अवघड झालं, आणि नुकत्याच फुटलेल्या शिवसेनेतल्या उद्धव ठाकरे यांनीही मुर्मू यांनाच पाठिंबा जाहीर केला. प्रतीक किती धारदार राजकीय हत्यार असतं, ते इथे दिसतं. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. उमेदवारी जाहीर झाली तेव्हा उपरबेडा गावाच्या एका वस्तीवर वीज पोचलेली नव्हती. बातमी झाली आणि मग खांब, तारा, मीटर अशी सारी धावपळ सुरू झाली. राष्ट्रपती होणाऱ्या बाईंच्या गावात दिवे लागले, याचा आनंद मानायचा, की दिवे लागायला गावातली कुणीतरी राष्ट्रपती व्हावी लागते, याची लाज बाळगायची? मला दोन्ही वाटतं, आणि दोन्ही वाटणं रास्त आहे.

आता इतिहासाकडे वळू. ‘आपला माणूस’ राष्ट्रपती भवनात गेला की आपल्या समाजाचं रक्षण होतं, ही समजूत तिथे टिकत नाही. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही केली; मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी न्हाणीच्या टबात बसून वटहुकमावर सही करणारे राष्ट्रपती काढले, ते चित्र आजही या पदाच्या बदनामीचं पहिलं उदाहरण म्हणून आठवलं जातं. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या तुर्कमान गेटमधल्या मुस्लिम वस्तीवर बुलडोझर चालले, आणि राष्ट्रपती मुस्लिम होते म्हणून ते थांबले नाहीत. झैलसिंग १९८२ मध्ये राष्ट्रपती झाले. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरलं तेव्हा सेनादलांचा सर्वोच्च अधिपती शीख होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राजधानीत शिखांची कत्तल झाली तेव्हाही तोच होता. ही उदाहरणं त्या व्यक्तींना दोष देण्यासाठी मी काढलेली नाहीत. सर्वोच्च खुर्ची आणि प्रत्यक्ष सत्ता यांच्यात किती अंतर असतं, हे त्यातून कळतं. झैलसिंग यांनीच पुढे टपालातली पत्रं उघडण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या १९८६ च्या विधेयकावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. ते तसंच पडून राहिलं.

नेमकी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं के. आर. नारायणन यांच्या कारकिर्दीत दिसते. केरळमधल्या उळवूर गावातल्या अत्यंत गरीब दलित कुटुंबात जन्मलेले नारायणन १९९७ मध्ये जवळजवळ एकमतानं राष्ट्रपती झाले. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारनं उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली, ती त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. वर्षभरानं वाजपेयी सरकारनं बिहारसाठी तशीच शिफारस केली, तीही परत गेली. पहिल्या वेळी वाचलं ते भाजपचं सरकार, दुसऱ्या वेळी राबडीदेवींचं. पक्षांची अदलाबदल झाली तरी कसोटी बदलली नाही. आता त्यांच्यानंतरचे राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्याकडे पाहू. मे २००५ मध्ये त्यांनी मॉस्कोहून बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या शिफारशीवर सही केली, आणि ते विसर्जन सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवलं. वर्षभरानं त्यांनीच लाभाच्या पदाविषयीचं विधेयक संसदेकडे परत पाठवलं. माणूस तोच, पद तेच, वागणूक मात्र दोन तऱ्हांची. तेव्हा राष्ट्रपती कसे वागतील याचा अंदाज त्यांच्या जातीवरून, धर्मावरून किंवा साधेपणावरून बांधता येत नाही. पदात एक छोटीशी जागा असते; ती कधी वापरली जाते, कधी नाही.

ही जागा किती मोठी आहे हे संविधान सांगतं. अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागायचं असतं. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं ते स्पष्ट शब्दांत लिहिलं, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. परत आलेला सल्ला मात्र मानावाच लागतो. म्हणजे ठाम राहिलेल्या सरकारचा सल्ला राष्ट्रपती थांबवू शकत नाहीत. विचारू शकतात, उशीर करू शकतात, सरकारला आपलं म्हणणं दुसऱ्यांदा आणि जाहीरपणे मांडायला लावू शकतात. आदिवासींच्या बाबतीत ही जागा थोडी रुंद आहे. अनुसूचित क्षेत्र कोणतं, हे राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरतं. पाचव्या अनुसूचीप्रमाणे त्या क्षेत्रांच्या प्रशासनाचा अहवाल राज्यपालांनी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. अनुसूचित जमाती आयोगही आपला अहवाल त्यांनाच सादर करतो. याशिवाय शपथ आहेच. मंत्री संविधानाशी निष्ठेची शपथ घेतात. राष्ट्रपती त्याचं जतन आणि रक्षण करण्याची, आणि जनतेच्या सेवेला व कल्याणाला वाहून घेण्याची. ही शब्दयोजना शोभेची मानली तर सगळं पदच शोभेचं होतं.

मुर्मू यांनी ही जागा वापरून दाखवली आहे, आणि तीही राष्ट्रपती होण्याआधी. २०१६ च्या अखेरीस झारखंडमधल्या रघुबर दास सरकारनं छोटानागपूर आणि संथाळ परगणा या दोन कुळकायद्यांत बदल करणारी विधेयकं विधानसभेत मंजूर केली. हे कायदे म्हणजे बिरसा मुंडांच्या उठावानंतर आणि त्याआधीच्या संथाळ बंडानंतर आदिवासी जमिनीला मिळालेलं कवच. शेतजमीन बिगरशेतीसाठी वापरायची वाट या दुरुस्तीनं मोकळी होणार होती. २०१७ मध्ये राज्यपाल मुर्मू यांनी विधेयकं परत पाठवली आणि पुढे सरकारनं ती गुंडाळली. आपल्या प्रतिभाताई पाटील यांनीही राजस्थानच्या राज्यपाल असताना २००६ मध्ये धर्मांतराविषयीचं विधेयक परत पाठवलं होतं. पण तिथे सरकार भाजपचं आणि राज्यपाल काँग्रेसच्या. विरोध अपेक्षितच होता. मुर्मू यांनी परत पाठवलं ते ज्या पक्षात त्या वाढल्या त्याच पक्षाच्या सरकारचं काम होतं, म्हणून त्याचं वजन जास्त. मात्र हे श्रेय एकट्या राजभवनाचं नाही. त्या विधेयकांविरुद्ध गावोगाव सभा झाल्या, मोर्चे निघाले, खुंटी जिल्ह्यात गोळीबारात माणूस गेला, राजभवनावर निवेदनांचा ढीग पडला. राज्यपालांनी ऐकलं, कारण ऐकवणारे दारात उभे होते.

राष्ट्रपती झाल्यावरचं चित्र संमिश्र आहे. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनाच्या कार्यक्रमात, सरन्यायाधीश आणि कायदामंत्र्यांसमोर त्या लिखित भाषण बाजूला ठेवून हिंदीत बोलल्या, ते तुरुंगात वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या गरिबांविषयी. त्या बोलण्यात अधिकाराचा वापर नव्हता, पण तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं जामीन मिळूनही अटी पुऱ्या करता न आल्यानं अडकलेल्या कैद्यांची माहिती राज्यांकडून मागवली. एवढ्यानंच कळतं, की त्या खुर्चीवरून काढलेला शब्द वाया जात नाही, विशेषतः तो शब्द अनुभवातून आला असेल तर. आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. सीमेपासून शंभर किलोमीटरच्या पट्ट्यातल्या संरक्षणविषयक रस्ते-रेल्वेसारख्या प्रकल्पांना त्यात सूट मिळाली. त्याआधी अनुसूचित जमाती आयोगानं २०२२ च्या वन नियमांवर ग्रामसभेच्या संमतीच्या मुद्द्यावरून हरकत घेतली होती. आयोगाच्या अध्यक्षांनी जून २०२३ मध्ये राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये विधेयकावर राष्ट्रपतींची सही झाली. झारखंडच्या जमिनीबाबत जो प्रश्न विचारला गेला, तो देशातल्या जंगलाबाबत निदान जाहीरपणे तरी विचारला गेला नाही. त्याच वर्षी २८ मे रोजी नव्या संसद भवनाचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं. राष्ट्रपती हे संसदेचं अंग आहेत असं अनुच्छेद ७९ सांगतो. तरी त्यांचा संदेश वाचून दाखवला गेला आणि त्या स्वतः तिथे नव्हत्या.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की आदिवासी स्त्री राष्ट्रपती झाली तेव्हाच तुम्हाला पदाच्या मर्यादा आणि सह्यांचे हिशेब आठवले. इतरांना तुम्ही असं तोललं होतं का? आक्षेपात दम आहे. आपल्याकडे वंचितांतून आलेल्या माणसाकडून पराक्रमाची अपेक्षा केली जाते आणि बाकीच्यांना नुसतं असणं पुरतं. पण तोलणं नवं नाही. पहिले राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाला विरोध केला आणि आपल्या विवेकानुसार निर्णय घेण्याची भाषा केली, तेव्हा नेहरूंनी त्यांना मर्यादेची जाणीव करून दिली. त्याच विधेयकाच्या कोंडीत बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. म्हणजे या पदाची तपासणी पहिल्या दिवसापासून चालू आहे. शिवाय आदिवासी राष्ट्रपतींना प्रश्नांच्या पलीकडे ठेवणं हा सन्मान नव्हे. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला कुणी काम सांगत नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल दिलेला इशारा सत्ताधाऱ्यांना लागू होतो, तसा प्रतीकांनाही होतो.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा: हे सगळं दाखवण्यापुरतं आहे, प्रतीकानं पोट भरत नाही, तेव्हा आनंद कशाला? याला महाराष्ट्राचा अनुभव उत्तर देतो, आणि तो अनुभवही सरळ नाही. २५ जुलै २००७ रोजी प्रतिभाताई पहिल्या स्त्री राष्ट्रपती झाल्या. मराठी माणूस म्हणून शिवसेनेनं आपली आघाडी सोडून त्यांना मतं दिली. जळगावपासून दिल्लीपर्यंत अभिमान मिरवला गेला. त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च २०१० मध्ये, महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेत मंजूर न होताच विरलं. ते संविधानात आलं २०२३ मध्ये, मुर्मू यांच्या सहीनं, आणि तेही जनगणना व मतदारसंघांच्या फेररचनेची अट लावून. महाराष्ट्राला मात्र स्थापनेपासून एकही स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही. निंदक म्हणेल, बघा, प्रतीकाचा उपयोग शून्य. मी म्हणेन, प्रतीकानं एक सबब कायमची मोडली. राष्ट्राचं सर्वोच्च पद बाईला झेपतं हे सिद्ध झाल्यावर राज्याचं का झेपत नाही, याचं उत्तर आता पक्षांना द्यावं लागतं. ते उत्तर कुणी ठासून मागितलं नाही, हा दोष प्रतीकाचा नाही, आपला आहे. अभिमान साजरा करून आपण घरी गेलो.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. प्रतीक आपोआप काम करत नाही. त्याला कामाला लावावं लागतं. झारखंडमध्ये लोकांनी राजभवनाचा दरवाजा ठोठावला, म्हणून तिथली जागा वापरली गेली. संविधान दिनाच्या भाषणाला न्यायालयानं प्रतिसाद दिला, कारण कैद्यांचा प्रश्न घेऊन वकील आणि कार्यकर्ते आधीपासून न्यायालयात झगडत होते. जिथे बाहेरची मागणी विखुरलेली राहिली, तिथे सही शांतपणे होऊन गेली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावानं ही गोष्ट फार आधी ओळखली होती. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं, आणि तेव्हा राष्ट्रपती भवनात आदिवासी कुणी नव्हतं. हक्क मिळाला तो ग्रामसभेच्या चिकाटीनं. पण त्या घोषणेचा पहिला अर्धाही तितकाच खरा आहे: दिल्लीतलं सरकार आमचं आहे, परकं नाही. २०२२ च्या शपथविधीनं या पहिल्या अर्ध्याला थोडं बळ दिलं. दुसरा अर्धा गावानं स्वतःच सांभाळायचा असतो.

म्हणून नव्या राष्ट्रपतींच्या शपथविधीला आनंद आणि शंका दोघांनाही सोबत न्यावं. आनंद आपल्याला हक्क देतो: तिथे बसलेली व्यक्ती आपली आहे, तेव्हा तिच्याकडे निवेदन घेऊन जायला, तिला तिच्या शपथेची आठवण द्यायला संकोच वाटायचं कारण नाही. शंका आपल्याला खरोखर तिथवर नेते. नुसता आनंद असला की आपण टाळ्या वाजवून थांबतो, नुसती शंका असली की दारापर्यंत जातच नाही, आणि दोन्हीकडे नुकसान सारखंच. पुढच्या वेळी २५ जुलैला जे कुणी शपथ घेतील, ते कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे, कुणाच्या पाठिंब्याचे, याची चर्चा होईलच आणि ती व्हावी. तिच्या जोडीला तीन साधे प्रश्न विचारावेत: यांनी याआधी आपल्याच पक्षाच्या सरकारला कधी कागद परत पाठवला का, ज्यांच्यातून आल्या किंवा आले त्यांच्यासाठी कधी जाहीर बोलले का, आणि ज्या कामासाठी आपल्याला त्यांची गरज पडेल ते काम आपण स्वतः लिहून ठेवलं आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांच्या कारकिर्दीत सापडतील. तिसऱ्याचं उत्तर आपल्याकडे नसेल, तर तक्रार करण्याचा आपला अधिकार निम्मा झाला असं समजावं.